यादी बाजूला ठेवा, घड्याळ बघा

नमस्कार ताई,

माझं वय ३७. शाळेत शिकवते. अर्धशिशी कॉलेजात असल्यापासूनची, पण तेव्हा दोन-तीन महिन्यांतून एखादवेळा यायची. आता महिन्यात पाच-सहा वेळा डोकं धरतं. उजव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. एकेकदा दोन-दोन दिवस राहतं.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीने फोनवर 'मायग्रेनमध्ये वर्ज्य ४१ पदार्थ' अशी यादी पाठवली. मी एकेक करत सगळे बंद केले. चॉकलेट, चीज, दही, संत्रं, टोमॅटो, कांदा, केळं, शेंगदाणे, आंबवलेलं सगळंच. फक्त कॉफी तेवढी सुटली नाही. वजन सात किलोंनी उतरलं, डोकं होतं तिथंच आहे. गेल्या शनिवारी संध्याकाळी भाचीने हातावर चॉकलेटचे दोन तुकडे ठेवले. ते असे खावेसे वाटले की काय सांगू! खाल्ले. रविवारी सकाळी डोकं फुटायची वेळ आली. नवरा म्हणाला, "घे, आणखी खा."

दोन महिन्यांची डायरी सोबत पाठवतेय. माझ्या खाण्यात अजून काय चुकतंय? आणि रक्त तपासून दोनशे पदार्थांपैकी कुठले सोसत नाहीत ते सांगतात म्हणे, ती तपासणी करून घेऊ का?

– यादीत अडकलेली

---

नमस्कार,

तुमचं पत्र एकदा वाचलं, डायरी मात्र तीनदा. शिक्षिकेची डायरी आहे हे वेगळं सांगायला नको. तारीख, वार, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, डोकं कधी सुरू झालं, गोळी घेतली त्या दिवशी कोपऱ्यात छोटं वर्तुळ. तुम्ही ती 'काय खाल्लं' या रकान्यात गुन्हेगार शोधत लिहिलीत. मी वेळांचा रकाना वाचत बसले, आणि तिथे जे सापडलं ते तुमच्या ४१ पदार्थांत कुठेच नाही.

पण आधी चॉकलेट, कारण त्यापायी तुम्ही घरात बोलणी खाल्लीत. शनिवारच्या पानावर समासात पेन्सिलीने तुमचंच अक्षर आहे: "दुपारपासून जांभया. मान आखडलीय. उगाच चिडचिड." चॉकलेट खाल्लंत संध्याकाळी सातला. म्हणजे ते तोंडात जाण्याआधी चार-पाच तास झटका दारात येऊन उभा होता.

अर्धशिशी ठणक्याने सुरू होत नाही. ठणका हा तिचा मधला अंक. त्याआधी काही तास, कधीकधी दिवस-दोन दिवस, पूर्वसूचनेचा टप्पा असतो. जांभयांवर जांभया, मान जड, सारखं लघवीला जावं लागणं, मन थाऱ्यावर नसणं, आणि काहीतरी ठरावीक, बहुधा गोड, खायची अनावर इच्छा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. भूक, तहान, झोप यांचा कारभार त्याच्याकडे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना औषध देऊन मुद्दाम झटका आणला आणि दुखणं सुरू व्हायच्या आतच मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारे पीईटी स्कॅन काढले. तेव्हाच या भागातली हालचाल वाढलेली दिसली. डोकं अजून शांत, पण भुकेचं खातं आधीच जागं झालेलं. तेव्हा ते 'असं खावंसं वाटलं की काय सांगू' हीच बहुधा झटक्याची पहिली खूण होती. दुखणार होतं म्हणून तुम्ही चॉकलेट खाल्लंत. आपण मात्र हिशेब उलटा मांडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याला लागतो.

चॉकलेटची तर रीतसर परीक्षाही झालेली आहे. १९९७ साली सतत डोकं दुखणाऱ्या ६३ स्त्रियांना कधी चॉकलेट तर कधी कॅरब या शेंगेच्या पुडीपासून केलेला तसाच दिसणारा पदार्थ दिला गेला. कुठला कधी दिला ते ना खाणारीला ठाऊक, ना नोंद करणाऱ्याला. चॉकलेटने कॅरबपेक्षा जास्त डोकी दुखली नाहीत. 'मला चॉकलेटनेच होतं' अशी ज्यांची ठाम समजूत होती त्यांच्यातही नाही.

मग या याद्या आल्या कुठून? १९६७ साली एडा हॅनिंग्टन यांनी टायरामीन नावाच्या घटकाचा आणि अर्धशिशीचा संबंध मांडला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन भरपूर असतं. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांबरोबर ते पोटात गेलं तर रक्तदाब एकदम चढतो आणि डोकं भयंकर दुखतं, हे तेव्हा नुकतंच लक्षात आलं होतं, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी होती. पण ती औषधं न घेणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांत पुढच्या चाचण्यांचे निकाल एका सुरात आले नाहीत. यादी मात्र छापली गेली, एकीवरून दुसरी उतरवली गेली, प्रत्येक नकलेत दोन पदार्थ वाढले. कबूल करते, आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा अशी पानभर यादी मीही वाटत होते. समोरच्या बाईच्या हातात काहीतरी दिल्याचं समाधान मला मिळायचं. तिला काय मिळायचं, ते तुमच्या सात किलोंवरून दिसतंच आहे.

याचा अर्थ सगळेच पदार्थ निर्दोष, असाही नाही. दारू खरंच काहींना बाधते, पण तिथेही गंमत बघा. नेदरलँड्समधल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या २०१९ सालच्या एका पाहणीत साधारण तिघांपैकी एकाने दारूने झटका येतो असं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी बोट दाखवलं रेड वाइनकडे. 'रेड वाइन घेतली की दर वेळी येतोच' असं सांगणारे मात्र ९ टक्केसुद्धा नव्हते. टिकाऊ केलेल्या मांसातले नायट्राइट, मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटो, काही कृत्रिम गोडवे यांच्या तक्रारीही लोक करतात. काहींच्या बाबतीत त्या खऱ्या असतील. तुमच्या डायरीत यातलं काही नाहीच, म्हणून पुढे जाते.

एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर डायरीत एक रकाना वाढवा: 'खाल्लं आणि काहीच झालं नाही'. हा रकाना कुणी भरत नाही, कारण न दुखलेल्या दिवशी डायरी आठवत नाही. तुमच्या २३ तारखेच्या पानावर आहे, "स्टाफरूममध्ये चीज सँडविच, चुकून!!" पुढचे तीन दिवस डोकं शांत. ती दोन उद्गारचिन्हं लिहिताना तुम्ही किती घाबरला असाल! आणि तीन दिवस काही झालं नाही, याची नोंद कुठे? एखादा पदार्थ खाल्ल्यावर दिवसभराच्या आत, निम्म्याहून जास्त वेळा डोकं धरत असेल, तरच त्याच्यावर संशय घ्यावा. तोही महिनाभर बंद करून आणि मग परत खाऊन बघावा. एका वेळी एकच.

आता वेळांचा रकाना. दोन महिन्यांत अकरा झटके. त्यातले सहा रविवारी किंवा सुटीच्या दिवशी सकाळी सुरू झालेले. तीन अशा दिवशी, जेव्हा जेवणाच्या जागी "पेपर तपासणी, जेवण राहिलं, ४ वाजता बिस्किटं" असं काहीतरी लिहिलंय. उरलेल्या दोनांचं मला काही सुचत नाही, त्यांना तसंच राहू द्या.

शाळेच्या दिवशी तुमची पहिली कॉफी सव्वासहाला, दुसरी मधल्या सुटीत, तिसरी चारला. हे घड्याळ लावल्यासारखं आहे. रविवारी पहिली कॉफी पावणेदहाला. शनिवारी दुपारी चारपासून मोजा, जवळजवळ अठरा तास होतात. एरवी हीच मधली वेळ सव्वाचौदा तासांची असते. रोज कॉफी घेणाऱ्याची कॉफी चुकली की डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते. मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन असतं. ते झोप आणतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. रोजच्या कॅफिनमुळे मेंदू तशा जागा वाढवून ठेवतो, आणि एके सकाळी कॅफिन वेळेवर आलं नाही की अडेनोसिनला सगळं रान मोकळं. शिवाय त्याच रविवारी तुम्ही तीन तास उशिरा उठलात, आणि शनिवारी रात्री आठच्या जेवणानंतर पहिला घास गेला अकराला. पंधरा तास पोट रिकामं. आठवडाभराचा ताण एकदम उतरला, तोही त्याच सकाळी. चारही गोष्टी एका सकाळवर पडल्या आणि फासावर चढले ते चॉकलेटचे दोन तुकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

अर्धशिशीचा मेंदू थोडा हट्टी विद्यार्थ्यासारखा असतो. वेळापत्रक बदललेलं त्याला चालत नाही. झोप कमी झाली तरी बिघडतं, जास्त झाली तरी बिघडतं. म्हणून आहाराबद्दल माझं पहिलं सांगणं 'काय खाऊ नका' हे नाहीच. कधी खाता ते सांभाळा. उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. जागेपणी चार-पाच तासांहून जास्त वेळ पोट रिकामं ठेवू नका. पेपर तपासायच्या दिवसांसाठी टेबलाच्या खणात मूठभर दाणे किंवा सुकामेवा ठेवा. हो, यादीतले शेंगदाणेच. रात्री लवकर जेवत असाल तर झोपण्याआधी थोडंसं काही खाऊन बघा. २०१४ सालच्या एका छोट्या अभ्यासात रात्री असं खाल्लेल्यांना दुसऱ्या दिवशी डोकं दुखण्याची शक्यता कमी दिसली. अभ्यास अगदी लहान होता, पण करून बघण्यात तोटा काही नाही. पाण्याचंही तेच, तहान लागेपर्यंत थांबू नका, एवढं पुरे.

कॉफी बंद करा असं मी म्हणत नाही. ज्यांना अधूनमधून अर्धशिशी येते अशा ९८ जणांच्या रोजच्या नोंदींवरून २०१९ साली असं दिसलं की दिवसात एक-दोन कप कॅफिनयुक्त पेयांनी झटक्यांत फरक पडला नाही, तीन किंवा जास्त झाले की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झटक्याची शक्यता वाढली. तुमचे तीन होतात. तिसरा कप सोडा, पण एका झटक्यात नको, नाहीतर त्या आठवड्यात मला शिव्या द्याल. आधी तो अर्धा करा, पुढच्या आठवड्यात पाव, मग सोडा. उरलेले दोन कप सातही दिवस त्याच वेळी.

आता ती वर्तुळं. खरं तर यापासूनच सुरुवात करायला हवी होती. मागच्या महिन्यात मी १२ मोजली, त्याच्या आधीच्या महिन्यात ११. गोळीचं नाव तुम्ही लिहिलंय. ती दोन-तीन औषधं एकत्र केलेली आहे आणि त्यात कॅफिनही आहे. अशा मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. साध्या वेदनाशामकांसाठी ही मर्यादा १५ दिवसांची. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखतं म्हणून गोळी, आणि तिच्यातून चौथा कप कॅफिन पोटात जातो तो वेगळाच. हे चक्र चालू असताना पदार्थ चाळत बसणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. ही गोळी माझ्या सांगण्यावरून बंद करू नका. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली होऊ द्या, सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. डायरी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायच्या औषधाचा विचार करतात, त्याबद्दलही विचारा.

डायरीत एक गोष्ट नाहीच, पाळीच्या तारखा. लाल टिंब द्यायला सुरुवात करा. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खाली आलेलं असतं, आणि पुष्कळ बायकांचे झटके नेमके याच दिवसांत येतात. गोड खावंसं वाटतं तेही याच दिवसांत. म्हणजे चॉकलेट इथेही हाती लागलेला आयता आरोपी.

मळमळ-उलटीमुळे पुष्कळजण याला 'पित्ताचं डोकं' म्हणतात आणि पोटाला शिक्षा देतात. तुम्हीही दोनदा "पित्त झालं, दिवसभर काही खाल्लं नाही" असं लिहिलंय. झटक्यात पोटाची हालचाल मंदावते, मळमळ त्यामुळेही वाढते. गोळी उशिरा घेतली तर ती पोटातच पडून राहते ती याचमुळे. उपाशी राहून हे सुटत नाही. जमेल तसं, थोडं थोडं, साधं खा.

रक्ताची ती तपासणी करू नका. दोनशे पदार्थांविरुद्ध आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात ती. आयजीजी सापडणं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढाच अर्थ. रोज गहू खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाची प्रतिपिंडं सापडणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच पदार्थ न सोसण्याचं निदान यावरून करू नये असं सांगितलंय. ब्रिटनमध्ये १६७ जणांवर झालेल्या आणि २०११ साली छापून आलेल्या चाचणीत काहींना तपासणीप्रमाणे खरी पथ्ययादी दिली, काहींना खोटी. बारा आठवड्यांनी झटक्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तुम्ही ही तपासणी केलीत तर हातात ४१च्या जागी ६० पदार्थांची यादी येईल, एवढीच मला खात्री आहे.

काढण्यापेक्षा घालण्याचं बोलू, ते मला जास्त आवडतं. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी आली. १८२ रुग्ण, १६ आठवडे. एका गटाला मासळीतलं ओमेगा-३ वाढवून दिलं. दुसऱ्या गटाचं ओमेगा-३ वाढवलं आणि सोबत बियांच्या तेलांत असतं ते लिनोलेइक ॲसिड खूप कमी केलं. नेहमीसारखं खाणाऱ्यांच्या तुलनेत पहिल्या गटाचे डोकेदुखीचे दिवस महिन्यात साधारण दोनांनी कमी झाले, दुसऱ्याचे चारांनी. रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणाऱ्या प्रश्नावलीत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि खाण्याचा बराच भाग अभ्यासकांनीच पुरवला होता, घरी तो काटेकोरपणा जमेलच असं नाही. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा खा, एवढं मी यातून घेईन.

मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, यांच्या चाचण्या लहान आहेत पण बऱ्या आहेत. १९९६ साली ८१ रुग्णांत रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियमने तिसऱ्या महिन्यात झटके सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले, औषध नसलेल्या गोळीने १६ टक्क्यांनी. १९९८ साली ५५ रुग्णांवरच्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविन घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के जणांचा त्रास निम्म्यावर आला, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के जणांचा. या मात्रा जेवणातून मिळत नाहीत, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते घ्यायचंच नाही. रायबोफ्लेविनने लघवी झगझगीत पिवळी होते, घाबरू नका. आणि पी हळद हो गोरी असं काही होत नाही, तीन महिने थांबावं लागतं.

गंमत म्हणजे मॅग्नेशियम ज्यांत असतं ते दाणे, बिया आणि केळं तुमच्या यादीने तुमच्याकडून काढून घेतलंय. ते सगळं परत आणा. दर तीन-चार दिवसांनी एक पदार्थ, ज्याची सगळ्यात जास्त आठवण येते त्यापासून. सात किलो उतरलेत, डॉक्टरांकडे जालच तर वजन आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

एक मात्र डायरीत लिहीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा: क्षणात टोकाला जाणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. आणि ठणक्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसत असतील आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या अशा वेळी टाळतात.

या शनिवारी रात्री सव्वासहाचा गजर लावून झोपा. उठा, कॉफी घ्या, सोबत दोन घास खा, मग हवं तर पुन्हा तासभर आडव्या व्हा. असे चार रविवार करा आणि मला पानं पाठवा. आणि त्या चार रविवारांची कॉफी करायचं काम 'घे, आणखी खा' म्हणणाऱ्याकडे द्या.